फोटोत नसलेला मालक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शाळेबाहेरची मुलं शाळेत आणण्यात आयुष्य घालवलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर एखाद्या शिक्षकाबद्दलच बोलावं, असं मी ठरवलं. हा शिक्षक न्यूयॉर्कचा. शाळेतली नोकरी सोडून त्यानं खांद्यावर कॅमेरा घेतला, आणि वर्गात असायला हवी होती ती मुलं कुठे आहेत हे शोधत तो दहाएक वर्षं देशभर हिंडला. लुईस हाइन त्याचं नाव.

त्याच्या हजारो फोटोंपैकी एकापासून सुरुवात करतो. डिसेंबर १९०८. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली व्हिटनेल कॉटन मिल. सूत कातणाऱ्या यंत्राच्या लांबलचक रांगेला लागून एक मुलगी उभी आहे. हाइननं फोटोखाली जे लिहिलं त्याचा आशय असा: उंची ५१ इंच. मिलमध्ये येऊन एक वर्ष झालं. कधी कधी रात्रीही काम करते. यंत्रांच्या चार बाजू सांभाळते, मजुरी दिवसाला ४८ सेंट. वय विचारल्यावर ती अडखळली, आठवत नाही म्हणाली. मग हळूच, विश्वासात घेऊन सांगितलं, की कामावर यायचं माझं वय झालेलं नाही, पण येते. आणि शेवटी एक नोंद: ५० कामगारांमध्ये १० मुलं साधारण हिच्याएवढी.

५१ इंच म्हणजे सव्वाचार फूट. आपल्याकडे तिसरी-चौथीत बसणाऱ्या मुलीची उंची. ही उंची हाइननं मोजली कशी? मिलमध्ये टेप काढून मुलांची मापं घेता येणं शक्य नव्हतं. स्वतःच्या जाकिटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्यानं पाठ करून ठेवलं होतं. मूल शेजारी उभं राहिलं की त्याचं डोकं कुठल्या बटणाशी येतं ते तो बघायचा, आणि खिशातल्या हातानं खिशातल्या कागदावरच टिपून घ्यायचा.

आता त्या फोटोओळीत काय आहे आणि काय नाही ते बघा. ‘बिचारी’ नाही, ‘निरागस’ नाही, ‘कोमेजलेलं बालपण’ नाही. दयेचं एकही विशेषण नाही. मुलीचं नावसुद्धा नाही. मिलचं नाव मात्र आहे. मजुरीचा आकडा आहे, रात्रीच्या कामाचा उल्लेख आहे, आणि ५० मध्ये १० हे प्रमाण आहे. एखाद्या वकिलानं तो कागद उचलून थेट विधिमंडळाच्या समितीपुढे ठेवावा, अशा बेतानं तो लिहिलेला आहे. आणि तो तसा ठेवला जायचाही.

कष्टकरी मुलांचे फोटो काढावेत का, कसे काढावेत, याची चर्चा बहुतेक वेळा त्या मुलाच्या चेहऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. चेहरा दाखवावा की झाकावा, परवानगी घेतली की नाही, मूल हसताना दाखवावं की रडताना. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे मी येणार आहे. पण त्याआधीचा एक प्रश्न आहे: या फोटोत कोण नाही? ज्याच्या नफ्यासाठी हे मूल तिथे उभं आहे तो माणूस, ती कंपनी, तो कारखाना कुठे आहे? आपण मुलाचा चेहरा उघडा करतो आणि मालकाचं नाव झाकून ठेवतो. माझ्या मते या प्रकारच्या छायाचित्रणातला खरा अन्याय हा आहे, आणि आज तो नेटानं मांडावा असं मला वाटतं.

हाइन स्वतः कामगार होता. १८७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या ओशकोश गावी त्याचा जन्म झाला. १८९२ मध्ये वडील वारले आणि हा मुलगा फर्निचरच्या कारखान्यात लागला. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे १३ तास, आणि आठवड्याला ४ डॉलर. पुढे शिकून तो न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिक्षक झाला. तिथे शिकवतानाच, १९०४ च्या सुमारास, एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांचे फोटो तो काढू लागला. त्याच वर्षी नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेनुसार १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाखांहून अधिक मुलं कामावर होती. १९०८ मध्ये हाइननं शिकवणं सोडलं आणि तो या संस्थेचा छायाचित्रकार झाला.

त्याच्या आधी जेकब रीस यानं न्यूयॉर्कच्या झोपडवस्त्यांचे फोटो काढून खळबळ उडवली होती. त्याचं पुस्तक १८९० चं. पण रीस रात्री-अपरात्री लोकांच्या खोल्यांत शिरायचा, फ्लॅशची पूड पेटवायचा, माणसं दचकून उठायची आणि तो निघून जायचा. त्या फोटोंमधल्या माणसांशी कुणी बोललेलं आहे असं वाटत नाही. हाइनच्या फोटोंतली मुलं भिंगात रोखून बघतात. आपल्याशी कुणीतरी नीट बोललं आहे, हे त्या नजरेत दिसतं.

मिलचे दरवाजे त्याला कुणी उघडून देणार नव्हतं. म्हणून तो कधी आग-तपासनीस व्हायचा, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्ड विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस. आत शिरताच आलं नाही तर पहाटे पाळी भरायच्या वेळी फाटकाबाहेर उभा राहायचा. इथे नीतीचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळू नये. हा माणूस खोटं बोलत होता. माझं मत स्पष्ट आहे: त्यानं खोटं सांगितलं ते मॅनेजरला आणि मुकादमाला. ज्याच्या हातात फाटक आहे, पगार आहे, वकील आहे, त्याच्यापुढे घेतलेलं सोंग आणि ज्याच्या हातात काहीच नाही अशा मुलापुढे घेतलेलं सोंग यांना एका मापानं मोजता येणार नाही. आज अनेक फोटोग्राफर नेमकं उलट करतात. मालकाची रीतसर परवानगी काढतात, त्याच्याकडे चहा घेतात, आणि मुलाला मात्र न विचारता टिपतात.

सोंग घेऊन आत गेला म्हणून हाइन पुराव्याच्या बाबतीत ढिला नव्हता. फोटो बनावट आहेत हा आरोप गिरणीमालक करणारच, हे तो ओळखून होता. त्यामुळे वयाची खात्री करायला तो मुलांच्या घरी जाई, कुटुंबाच्या बायबलमध्ये नोंदवलेल्या जन्मतारखा बघे, विम्याचे कागद बघे. १९०९ मधल्या एका भाषणात त्यानं बजावलं होतं, की छायाचित्र खोटं बोलत नसेलही, पण खोटं बोलणारे लोक छायाचित्रं काढू शकतात. म्हणून त्यानं आपल्या नोंदींना फोटोइतकंच, काही ठिकाणी फोटोपेक्षा जास्त महत्त्व दिलं. जॉर्जियात मेकन गावच्या बिब मिलमध्ये काही मुलं इतकी लहान होती की तुटलेला धागा जोडायला आणि रिकाम्या बॉबिन बसवायला त्यांना चालू यंत्रावर चढावं लागे. हे त्यानं १९०९ च्या जानेवारीत लिहून ठेवलं. पेनसिल्व्हेनियात साउथ पिट्सटनच्या कोळसा-कारखान्यात, १९११ मध्ये, धुळीनं समोरचं दिसत नव्हतं, आणि कोळशातले दगड वेचणाऱ्या पोरांच्या पाठीशी उभा असलेला माणूस त्यांना ढोसून कामाला लावत होता. ती धूळ फोटोत दिसते. ढोसणारा माणूस हाइनच्या शब्दांमुळे कळतो.

या कामाचं फळ लगेच मिळालं असं समजू नका. १९१६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कीटिंग-ओवेन कायदा केला. मुलांच्या श्रमातून तयार झालेला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी आली. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. मग मुलांना कामावर ठेवणाऱ्या कारखान्यांच्या नफ्यावर कर बसवणारा कायदा आला, तोही १९२२ मध्ये रद्द झाला. १९२४ ची घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्यच केली नाही. टिकलेला केंद्रीय कायदा आला तो १९३८ मध्ये. म्हणजे व्हिटनेलच्या त्या मुलीचा फोटो काढल्यानंतर ३० वर्षांनी. त्यातही महामंदीत मोठ्या माणसांनाच काम नव्हतं, यंत्रं बदलली होती, आणि सक्तीच्या शिक्षणाचे कायदे एकेका राज्यात होत होत १९१८ मध्ये मिसिसिपीपर्यंत पोहोचले होते. हे सगळं बाजूला ठेवून ‘फोटोंनी बालमजुरी संपवली’ असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. फोटोंनी एक गोष्ट केली: माहीत नव्हतं, ही सबब कुणालाही उरू दिली नाही.

१९१८ चा खटला एका वडिलांच्या नावानं लढला गेला. शार्लटच्या सूतगिरणीत आपल्या दोन मुलांना काम करता यावं म्हणून त्यांनी दावा लावला होता, आणि दाव्यामागे गिरणीमालकांची संघटना उभी होती. काही वर्षांनी एका पत्रकारानं त्या दोघांपैकी एका मुलाला गाठलं. तो आता विशीत होता, कमावता होता, अंगानं किरकोळ राहिला होता. खटला जिंकून तुला काय मिळालं, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, की बड्या वकिलांच्या मोटारीतून फिरायला मिळालं आणि एक कोकाकोला मिळाला. शाळेत गेलो असतो तर बरं झालं असतं, असंही तो म्हणाला. ही मुलाखत मला हाइनच्या कुठल्याही फोटोइतकीच मोलाची वाटते. मूल मोठं झाल्यावर त्याच्याकडे परत जाऊन विचारणारं कुणीतरी लागतं.

हाइनची पूजा करायला मी इथे उभा नाही. त्याच्या कामात दोष होते, आणि ते आपल्याला फार जवळचे आहेत.

त्याच्या फोटोंमधून संस्थेनं भित्तिचित्रं तयार केली. एकात धडधाकट मुलं कारखान्यात कच्चा माल म्हणून शिरतात आणि बाहेर पडताना मानवी भंगार होतात, अशी मांडणी आहे. हेतू कारखान्यावर बोट ठेवण्याचा होता. पण भंगार म्हणून ज्यांचे चेहरे छापले, त्यांनी ते भित्तिचित्र बघितलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल? लोकांच्या मनाला पाझर फोडायचा म्हणून माणसालाच मोडकी वस्तू करून दाखवायचं, ही सवय तेव्हापासून आजच्या देणगीच्या पत्रकांपर्यंत चालत आली आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांत बहुतेक गोऱ्या कुटुंबांची मुलं होती, आणि चळवळीचं लक्ष त्यांच्यावर होतं. या संस्थेचे दक्षिणेतले सचिव अलेक्झांडर मॅकेल्वे गोऱ्या वंशाचा ऱ्हास होईल अशी भीती घालून लोकांना जागं करत असत. कापसाच्या शेतात राबणारी काळी मुलं या फोटोंत तुलनेनं फार कमी दिसतात. कुणाच्या मुलाचं राबणं बघून समाजाला धक्का बसतो आणि कुणाचं राबणं निसर्गनियम वाटतं, याचा हा हिशेब आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात कुठल्या जातीजमातींची मुलं दिसतात, ते आपण सगळे जाणतो.

तिसरी गोष्ट. अनेक मुलांची नावं, गावं हाइननं लिहून ठेवली. व्हर्मांट राज्यात नॉर्थ पॉनलच्या गिरणीत १९१० मध्ये त्यानं १२ वर्षांच्या एका मुलीचा फोटो काढला. अनवाणी पाय, मळका झगा, एक हात यंत्रावर. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं बालमजुरीविरोधी चळवळीची आठवण म्हणून त्या फोटोचं तिकीट काढलं. ती मुलगी पुढे नव्वदी ओलांडून जगली आणि १९९३ मध्ये वारली. आपला चेहरा इतका प्रसिद्ध आहे, हे तिला कळलंच नाही. तिच्या घरच्यांनाही कळलं ते नंतर, शोध घेणाऱ्या लेखक-संशोधकांनी सांगितल्यावर. तिचं नाव आज कुठेही सापडेल. मी ते इथे मुद्दाम घेत नाही. तिनं ते जगाला देऊ केलं नव्हतं.

संस्थेनं हाइनचे ५,००० हून अधिक फोटो १९५४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. मुंबईच्या वाट्याला असा संग्रह आला नाही, आणि त्याची मला खंत आहे. मुंबईच्या गिरण्यांतही मुलं होती. १८७५ मध्ये मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलं. १८८१ च्या कायद्यानं ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांचे तास ९ वर आणले. तोही १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता. ज्या वयात आपण पाटी-पेन्सिल हातात देतो त्या वयात ९ तास, ही सवलत होती! १८९१ मध्ये वयाची अट ९ झाली. या कायद्यांमागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा मुंबईशी असलेला धंद्याचा दावा होता, हेही खरं आहे. नारायण मेघाजी लोखंडे आणि ‘दीनबंधु’ हे पत्र यांनी गिरणी कामगारांची बाजू शब्दांत मांडली. कॅमेरा मुंबईत होता, पण तो गिरणीच्या इमारतींकडे, गव्हर्नरांच्या भेटींकडे, शेठजींच्या कुटुंबचित्रांकडे वळलेला होता. त्यामुळे ‘हाफ टायमर’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या पोरांचे चेहरे आपल्याला माहीत नाहीत. फोटो काढण्यात जशी हिंसा असू शकते तशी न काढण्यातही असते, हे आम्हा फोटोच्या धंद्यातल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवं.

आता आजच्या फोटोकडे येऊ. १२ जून हा जागतिक बालमजुरीविरोधी दिवस. २००२ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी वर्तमानपत्रांत ठरावीक फोटो येतो. चहाच्या टपरीवर ग्लास विसळणारा मुलगा, किंवा डोक्यावर विटा घेतलेली मुलगी, आणि खाली ‘हरवलेले बालपण’. कुठली टपरी? कुठली भट्टी? किती वाजता काढला? पगार कोणाच्या हातात पडतो? काहीच नाही. बरेचदा तारीखही नाही, कारण फोटो जुना असतो. मुलाचा चेहरा मात्र इतका स्पष्ट की त्याच्या शेजारच्यांनी, वर्गमित्रांनी सहज ओळखावं. छाप्याच्या बातमीत याच्या उलट कसरत असते. ‘शहरातील एका हॉटेलवर’ छापा पडतो, हॉटेलचं नाव नाही. पण सोडवलेल्या मुलांना भिंतीशी ओळीनं बसवलेलं असतं, मागे अधिकारी आणि पोलीस उभे असतात, आणि मुलांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. आपल्याकडे पूर्वीपासून आरोपीचा चेहरा झाकतात, त्यामुळे बघणाऱ्याला क्षणभर वाटतं की गुन्हा यांनीच केला.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही, फोटोही छापता येत नाही. कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल या व्याख्येत बसतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकाचं नाव छापू नका, असं हे कलम कुठेही म्हणत नाही. आम्ही मात्र मुलाला संरक्षण देताना सवयीनं मालकालाही देऊन टाकतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लहान गावात एकच वीटभट्टी असेल तर भट्टीचं नाव छापणं म्हणजे मुलाची ओळख छापणंच. खरं आहे. तिथे थांबावं, तपास अधिकाऱ्यांना नाव द्यावं, बाल कल्याण समितीचं मत घ्यावं. पण भट्टीच्या वर विटा उचलणारा ठेकेदार असतो, त्याच्या वर बांधकाम कंपनी असते, तिच्या जाहिराती आमच्याच पानांवर असतात. या साखळीत कुठल्या तरी पायरीवर असं नाव सापडतंच की जे लिहिल्यानं मुलाला धोका नसतो. ते शोधायला कष्ट पडतात, पुरावा लागतो, आणि जाहिरात विभागाशी भांडावं लागतं.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळा लागेपर्यंत फडात राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे सगळं. मुलं गावात ठेवायला कुणी नसलं की कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, येतात. धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, उसाचे वाढे गोळा करून विकायला मदत करणं, पुढे मोळ्या वाहणं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी कोयता हातात. अशा एखाद्या मुलीचा फोटो काढला तर खाली काय लिहाल? बहुतेक ठिकाणी ‘आई-वडिलांना मदत करणारी चिमुकली’ असं छापतात. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, टोळी मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी उचल मोठ्यांना दिली, पोरं त्यांची त्यांनी आणली. शेवटी दोषी आई! बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर सरसकट बंदी आणली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या कामात मदत करण्याची सूटही ठेवली. फडातलं काम कुटुंबाचं की कारखान्याचं? फोटोओळीत ‘मदत’ लिहिणारा उपसंपादक नकळत या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, आणि ते कारखान्याच्या बाजूचं असतं.

कुणाचं तरी नाव घेतलं की काम झालं, असंही नाही. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीनं बांगलादेशातल्या कापड-कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांचं चित्रण दाखवलं; ते कपडे वॉलमार्टसाठी शिवले जात होते. त्याच सुमारास मुलांनी बनवलेल्या मालावर बंदी आणणारं हार्किन विधेयक अमेरिकेत चर्चेत होतं. घाबरलेल्या कारखानदारांनी मुलांना काढून टाकलं. युनिसेफच्या १९९७ च्या अहवालानं हा आकडा सुमारे ५०,००० सांगितला आहे. त्यांतली कितीतरी मुलं, बहुतेक मुली, दगड फोडायला, रस्त्यावर, वेश्याव्यवसायात ढकलली गेली. १९९५ मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला तेव्हा कुठे आधी शाळेची सोय, मग कामावरून काढणं, असा क्रम ठरला. चित्रण खरं होतं, मालकाचं नावही घेतलं होतं; पण मुलगी उद्या सकाळी कुठे जाणार याचा विचार कुणी केला नव्हता. हाइनचे फोटो शाळेच्या कायद्यांची मागणी करणाऱ्या चळवळीच्या हाती जात होते, हा मोठा फरक आहे.

आणि काही फोटो तर कुणाच्याच कामी येण्यासाठी काढलेले नसतात. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय छायाचित्र-स्पर्धेच्या प्रचारासाठी कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीतला एक फोटो समाजमाध्यमावर वापरला गेला. अल्पवयीन म्हणून सांगितलेली मुलगी, तिच्या अंगावर गिऱ्हाईक, आणि तिचा चेहरा उघडा. ‘आमच्या स्पर्धेत भाग घ्या’ म्हणून! गदारोळ झाला, आणि त्या ओघात उघड झालं की त्याच छायाचित्रकाराच्या दुसऱ्या एका फोटोतली व्यक्ती छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९७८ मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवर काढलेल्या छायाचित्रातून उचलून चिकटवलेली होती. चर्चा मग या चोरीवर गेली. उचलेगिरीची लाज सगळ्यांना वाटली. त्या मुलीवर होणाऱ्या बलात्काराच्या वेळी खोलीत उभं राहून फोटो काढणाऱ्या माणसाला स्पर्धेनं एक क्षणही थांबवलं नव्हतं, याची लाज त्या मानानं कमी वाटली.

बांगलादेशचे छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी ढाक्यातल्या कष्टकरी वस्तीतल्या मुलांना १९९४ पासून कॅमेरा शिकवला. त्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. कुलूपबंद कापड-कारखान्यात आग लागून मुलं मेली होती. त्याबद्दल त्यांच्या वर्गातली दहा वर्षांची मुलगी म्हणाली, की माझ्याकडे कॅमेरा असता तर मी मालकाला तुरुंगात घातलं असतं. मोठमोठ्या फोटोग्राफरांना जे सुचत नाही ते तिला पहिल्या फटक्यात सुचलं. कॅमेरा कुणाकडे वळवायचा हे तिला ठाऊक होतं.

जगात आजही १३ कोटी ८० लाख मुलं कामावर आहेत, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा २०२४ चा अंदाज आहे. आपल्या २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातली १ कोटीहून अधिक मुलं काम करणारी म्हणून नोंदली गेली. फडातली, भट्टीवरची सगळी मुलं त्यात आली असतील असं मला वाटत नाही.

समोर काही तरुण फोटोग्राफर बसले आहेत, जिल्हा दैनिकांचे बातमीदारही आहेत. त्यांच्याशी थोडं कामाचं बोलतो. या हंगामात फडावर जाल तेव्हा मुलीशी आणि तिच्या आईशी आधी बोला, कॅमेरा नंतर काढा. चेहरा न दाखवता पुष्कळ काही दाखवता येतं: हात, मोळीची उंची आणि पोरीची उंची, कोपीत टांगलेलं दप्तर. मग मुलीला सोडा आणि कागदांच्या मागे लागा. उचल किती, कुणाकडून, टोळीत किती कोयते, ट्रॅक्टर कुणाचा, काट्यावर वजन केलं ती पावती कुठल्या कारखान्याची. त्या पावतीवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं. तिचा फोटो काढा, कुणाच्या नावावर आहे तो भाग झाका, आणि पहिल्या पानासाठी तो द्या. संपादक म्हणतील, यात मूल कुठे आहे? त्यांना फोटोओळ वाचायला सांगा. मुलीची उंची, कामाचे तास, शाळा सुटल्याचा महिना आणि टोळीत तिच्याएवढी किती मुलं आहेत, ते तुम्ही तिथे लिहिलेलं असेल.